सुदाम्याचे पोहे आणि बिनतारी जाळे

इंदूर शहराच्या पश्चिमेस, फूटी कोठीच्या चौकालगत, सुदामा नगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरे, आणि शेजारीच द्वारकापुरी नावाची दुसरी वसाहत! ह्या नगराच्या कोणत्याही गल्लीत उभे राहून हातातील फोन उघडला, तर आसपासच्या घरांतील बिनतारी जाळ्यांची नावे एकाखाली एक अशी पडद्यावर उमटू लागतात. एके काळी आपल्या देशात रेडिओ नुसता ऐकण्यासाठीसुद्धा सरकारी परवाना काढावा लागत असे. आज प्रत्येक घर स्वतःचे एक लहानसे प्रक्षेपण केंद्र चालवीत आहे, आणि त्याची कोणाला जाणीवही नाही.

ह्या विद्येचे शिक्षण घेणारी मुलेही ह्याच घरांतून आहेत. कोणी पदविकेच्या वर्गात आहे, कोणी नोकरीच्या मुलाखतीची तयारी करीत आहे. त्यांतल्या पुष्कळांचे शालेय शिक्षण मराठीतून किंवा हिंदीतून झालेले असते. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘जाळ्याचे सात थर क्रमाने सांगा’; आणि चौथ्या थरापाशी मुलगा अडखळतो. घरी येऊन तो म्हणतो, ‘हा विषय माझ्या डोक्यात शिरणारा नव्हे.’ वस्तुतः विषय त्याला कळलेला असतो. घरातील जाळे बंद पडले तर तोच ते दुरुस्त करतो. त्याला अडवितात ती परक्या भाषेतील नावे, आणि त्याहूनही अधिक त्या नावांचा क्रम. एवढ्याशा कारणाने एखाद्याची वाट बंद व्हावी, हे मला मोठे खेदाचे वाटते. म्हणून आज ह्या नावांसाठी पाठांतराच्या काही युक्त्या सांगण्याचे योजिले आहे.

पाठांतराची थट्टा करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. घोकंपट्टी आणि समज ही जणू एकमेकींची वैरिणी आहेत, असे आपले सुशिक्षित लोक बोलतात. पण इंद्रधनुष्याचे रंग तुम्हांला कसे आठवतात? ‘तानापिहिनिपाजा’ ह्या निरर्थक शब्दानेच ना? कोणत्या महिन्याचे दिवस तीस आणि कोणत्याचे एकतीस, हे पाहण्यासाठी भलेभले गृहस्थ अजून मुठीची हाडे मोजतात. छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘यमाताराजभानसलगा’ एवढी दहा अक्षरे दिली की आठही गण त्याच्या हाती येतात. ह्या शेवटच्या युक्तीचे कौशल्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘तानापिहिनिपाजा’ आपल्याला फक्त क्रम देतो. तांबडा रंग कसा दिसतो हे तो शब्द सांगत नाही. ‘यमाताराजभानसलगा’ मध्ये मात्र ‘य’ पासून तीन अक्षरे घेतली की ‘यमाता’ होते. त्यात पहिले लघु आणि पुढची दोन गुरू, आणि हेच य-गणाचे लक्षण. म्हणजे नावही तेच आणि अर्थही त्यातच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी रागांच्या बाबतीत हेच केले. रागाचा वादी कोणता, संवादी कोणता, वर्ज्य स्वर कोणते, ही माहिती त्यांनी त्याच रागात बांधलेल्या लक्षणगीतांतून सांगितली. विद्यार्थी नियम गात असे आणि गाता गाता तो नियम पाळतही असे. युक्ती करावी तर अशी करावी, हे माप मनात ठेवून पुढे जाऊ.

आता सात थरांकडे वळू. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली संगणकांच्या परस्पर संभाषणाचा एक आराखडा प्रसिद्ध केला आणि त्या कामाचे सात थर पाडले. खालून वर त्यांची नावे अशी : फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन. इंग्रजी शिकणारी मुले ह्यासाठी एक वाक्य पाठ करतात : ‘प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे’. मांसाच्या वळकट्या घातलेला पिझ्झा फेकून देऊ नका, असा त्याचा अर्थ. वाक्य गमतीचे आहे, परंतु माळव्यातल्या एखाद्या शाकाहारी घरातील मुलाला त्यात आठवण राहावी असे काही नाही, आणि फेकण्याचा व पिझ्झाचा ह्या शास्त्राशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा वसाहतीच्या नावाचाच आधार घेऊन मी एक मराठी वाक्य जुळविले आहे. ते असे :

फडक्यात डोईवर नेतो टाकोटाक सुदामा पोहे अच्युताला.

फ म्हणजे फिजिकल, ड म्हणजे डेटा लिंक, न म्हणजे नेटवर्क, ट म्हणजे ट्रान्सपोर्ट, स म्हणजे सेशन, प म्हणजे प्रेझेंटेशन आणि अ म्हणजे ॲप्लिकेशन. दोनतीन वेळा मोठ्याने म्हटले की वाक्य जिभेवर बसते. आता केवळ अक्षरे जुळली की अर्थही जुळतो, हे पाहिले पाहिजे.

सर्वांत वर अच्युत आहे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो सातवा थर. तुम्ही पत्र धाडता, पैसे भरता, चित्र पाहता, ते काम पार पाडणाऱ्या कार्यक्रमांची भाषा येथे असते. पोहे हा सहावा थर. इंग्रजीत ‘प्रेझेंट’ म्हणजे नजराणा, आणि सुदाम्याचा नजराणा पोह्यांचाच होता. मजकूर कोणत्या रूपात द्यावा, आवळून द्यावा की गुप्त लिपीत घालून द्यावा, हा विचार ह्या थराचा. सुदामा स्वतः पाचवा. दोन मित्रांची भेट केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, ह्याची नोंद तो ठेवतो. ‘टाकोटाक’ हा चौथा थर. मजकुराचे तुकडे करून, त्यांना क्रमांक घालून, ते सगळे पोचले की नाही हे पाहणे आणि न पोचलेला तुकडा पुन्हा पाठविणे हे त्याचे काम. ‘नेतो’ म्हणजे तिसरा थर. कोणत्या रस्त्याने न्यायचे ते तो ठरवितो, आणि आयपी पत्ता त्याचाच. ‘डोईवर’ म्हणजे दुसरा. ह्या क्षणी ओझे कोणाच्या डोक्यावर आहे आणि पुढे कोणाच्या डोक्यावर द्यायचे, एवढाच त्याचा संबंध. फडके म्हणजे पहिला थर, प्रत्यक्ष हाताला लागणारी वस्तू : तार, प्रकाशतंतू किंवा रेडिओलहर.

ह्या दृष्टांतातून आणखी एक गोष्ट फार चांगली उमगते. पाठविणारा संगणक सातव्या थरापासून खाली येत जातो आणि प्रत्येक थर मूळ पुरचुंडीला आपली एकेक गाठ मारतो. तिच्यावर स्वतःच्या कामापुरता पत्ता किंवा खूण लिहितो. घेणारा संगणक ह्याच गाठी उलट्या क्रमाने सोडीत वर जातो. वाटेत जे दरवाजे लागतात, त्यांतील प्रत्येक दरवाज्यावर पुरचुंडी पूर्ण उघडली जात नाही. घरातील बिनतारी केंद्र दुसऱ्या थराची गाठ पाहते. रस्ता दाखविणारे यंत्र, ज्याला आपण राउटर म्हणतो, ते तिसऱ्यापर्यंत जाते. आपल्या घरांतल्या डबीत ही दोन्ही यंत्रे एकत्रच बसविलेली असतात, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. पोहे मात्र द्वारकेलाच उघडायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थरावरील पत्त्यांत विद्यार्थी हटकून गोंधळतात. ‘मॅक’ हा यंत्राला कारखान्यात मिळालेला अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक. तो बारा चिन्हांनी लिहितात आणि त्यातील पहिली सहा चिन्हे कारखानदाराची असतात. आयपी हा आज ज्या जाळ्यात आपण बसलो आहोत तेथला पत्ता. मॅक म्हणजे माणूस आणि आयपी म्हणजे पत्ता, असे म म आणि प प जुळवून ठेवावे. माणूस तोच राहतो आणि घर बदलले की पत्ता बदलतो. अलीकडचे फोन मात्र पाळत टाळण्यासाठी निरनिराळ्या जाळ्यांत निरनिराळा मॅक दाखवितात; म्हणजे माणसाने वेषांतर करावे तसे.

येथे एक कबुली ह्या आराखड्याच्या वतीने दिली पाहिजे. आज जगभर चालणारे इंटरनेट ह्या सात थरांवर उभारलेले नाही. त्याचे नियम अगोदरच तयार झाले होते. अमेरिकेतील अर्पानेट ह्या जाळ्याने ते १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले, म्हणजे सात थरांचा आराखडा प्रसिद्ध होण्याच्या आधीच. त्यात चारच थर मोजतात. सुदामा आणि पोहे ह्यांची कामे तेथे अच्युतानेच उरकून घेतली आहेत. परीक्षक सात विचारतात, म्हणून सात पाठ करावे. परंतु पाचवा व सहावा थर यंत्रात वेगळा शोधू गेल्यास सापडत नाही, म्हणून निराश होऊ नये. आपले बिनतारी जाळे तर पहिल्या थरात आणि दुसऱ्याच्या खालच्या भागातच संपते. वरच्या मजल्यांना खाली तार आहे की लहर आहे, ह्याचा पत्ताही नसतो.

मग ह्या सात थरांचा उपयोग काय? माझ्या मते त्यांचा खरा उपयोग बिघाड शोधताना होतो. ऐन परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी घरात ‘नेट बंद आहे’ अशी आरोळी उठते आणि जो तो डबीचे बटण दाबू लागतो. त्या वेळी वाक्य म्हणावे आणि खालून वर जावे. फडके : डबीचा दिवा लागला आहे का, वायर निसटली आहे का? डोईवर : फोन आपल्याच जाळ्याला जोडला आहे की शेजाऱ्याच्या, परवलीचा शब्द बरोबर आहे का? नेतो : यंत्राला आयपी पत्ता मिळाला आहे का? तो १६९.२५४ ह्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पत्ता वाटणाऱ्याने पत्ता दिलेला नाही आणि यंत्राने आपल्याच मनाने एक घेतला आहे, असे समजावे. येथवर सर्व ठीक असेल, तर मग वरच्या मजल्यांकडे पाहावे. पाच मिनिटांत दोष कोठे आहे ते कळते, आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाशी बोलतानाही आपले म्हणणे नेमके मांडता येते.

आता बिनतारीच्या खास परिभाषेकडे येऊ. तारेवर बोलणारी जुनी यंत्रे दोन संदेशांची टक्कर झाली की ती ओळखून थांबत आणि पुन्हा प्रयत्न करीत. ह्याला ‘कोलिजन डिटेक्शन’ म्हणतात. बिनतारी यंत्राला हे साधत नाही. स्वतः ओरडत असताना दुसऱ्याची कुजबूज त्याला ऐकू येत नाही. म्हणून ते आधी कान देऊन ऐकते, हवा शांत झाली की मनातल्या मनात एखादा यादृच्छिक आकडा मोजते, मग बोलते, आणि पोच मिळाली नाही तर पुन्हा बोलते. ह्याला ‘कोलिजन अव्हॉइडन्स’ म्हणतात. परीक्षेत ह्या दोहोंची अदलाबदल फार होते. अव्हॉइडन्स म्हणजे ‘अगोदर’, डिटेक्शन म्हणजे ‘डोके आपटल्यावर’, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. ह्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे तेरा मार्ग आहेत; परंतु लगतच्या दोन मार्गांत केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर, आणि एका संभाषणाला लागणारी रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न येणारे मार्ग १, ६ आणि ११ हे तीनच धरतात. ह्यासाठी आपले पंचांग उपयोगी पडते : पाडवा, षष्ठी, एकादशी. होळकरांच्या इंदुरात षष्ठी म्हटले की खंडोबाची चंपाषष्ठी आठवतेच. सुदामा नगरासारख्या दाट वस्तीत काही हौशी लोक ‘हे तिन्ही मार्ग भरले आहेत’ असे पाहून मधलाच ३ किंवा ८ निवडतात. हा शहाणपणा अंगाशी येतो. एकाच मार्गावरील दोन यंत्रांना एकमेकांचे बोलणे कळते आणि ती पाळीपाळीने बोलतात. अर्धवट अंगावर येणाऱ्या मार्गावरचे बोलणे मात्र कळत नाही, तो केवळ गोंगाट ठरतो, आणि दोघांचेही नुकसान होते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो, २.४ चा पट्टा संथ, पण लांब पोचतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दूर असताना घरात बसून काय ऐकू येते? ढोल ऐकू येतो, झांज ऐकू येत नाही. २.४ हा ढोल आणि ५ ही झांज. ध्वनी आणि रेडिओलहर ह्या भिन्न वस्तू आहेत, तेव्हा हा दृष्टांत आठवणीपुरताच घ्यावा, उत्तरपत्रिकेत लिहू नये.

सुरक्षेच्या पद्धतींची नावे डब्ल्यूईपी, म्हणजे वेप, आणि पुढे डब्ल्यूपीए एक, दोन, तीन अशी आहेत. वेपमधील गंभीर दोष २००१ सालीच उघडकीस आले. तेव्हा वेप म्हणजे ‘वेडेपणा’, हे दोन अक्षरांत लक्षात ठेवावे. पुढील तीन अनुक्रमे २००३, २००४ आणि २०१८ सालच्या आहेत. घरच्या डबीत तिसरी असेल तर ती, नाहीतर दुसरी ठेवावी. त्याखाली उतरू नये.

मानकांच्या नावांबाबत मात्र मोठी गंमत झाली. १९९७ साली ८०२.११ हे मूळ मानक आले. मग १९९९ साली त्याला ‘ए’ आणि ‘बी’ ही शेपटे एकदम लागली, २००३ साली ‘जी’, २००९ साली ‘एन’, २०१३ साली ‘एसी’, आणि २०२१ साली ‘एएक्स’. ह्या क्रमाला ना अर्थ ना ताल. त्यावर स्मृतीची युक्ती शोधण्याचा प्रयत्न मी सोडून दिला; आणि सुदैवाने ती नावे वापरणाऱ्यांनीही सोडून दिला! २०१८ साली वायफाय अलायन्स ह्या संस्थेने जाहीर केले की ‘एन’ ला वायफाय चार, ‘एसी’ ला पाच आणि ‘एएक्स’ ला सहा म्हणावे. सामान्य माणसाच्या स्मृतीपुढे अभियंत्यांनी असे नमते घेतल्याची उदाहरणे विरळाच.

ज्या विद्येत एका अक्षराची चूकही चालत नाही, तिला पाठांतराचे शास्त्र नवे नाही. वैदिकांनी ऋचा नुसत्या पाठ केल्या नाहीत. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ अशा रीतींनी शब्द उलटसुलट गुंफून म्हटले. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा असे म्हणून मग पुढच्या जोडीकडे जातात. घनपाठात त्याच्यापुढे तीन-तीन शब्दांची ये-जा असते. तोच शब्द इतक्या वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर येतो की एका ठिकाणी घसरलेली जीभ दुसऱ्या ठिकाणी पकडली जाते. बिनतारीच्या प्रत्येक पुरचुंडीच्या शेवटी चार बाइटांची एक पडताळणीची खूण असते, तिचे कार्यही हेच. घेणारे यंत्र मजकुरावरून ती खूण पुन्हा काढून पाहते. जुळली नाही, तर पुरचुंडी मुकाट्याने टाकून देते आणि पोच देत नाही. पाठविणारा मग आपण होऊन पुन्हा पाठवितो. ‘फ्रेम चेक सीक्वेन्स’ हे तिचे नाव विसरणाऱ्याने तिला ‘घनपाठाची गाठ’ म्हणून ओळखावे. काय काम करते ते तरी चुकणार नाही.

राहता राहिले आकडे. चौथ्या थरावर प्रत्येक सेवेचा एक दरवाजा असतो, आणि दरवाज्याला क्रमांक असतो. हे क्रमांक पाठ करताना मुले जेरीस येतात. येथे आपली जुनी कटपयादी पद्धत फार सुरेख कामास येते. केरळातील ज्योतिर्विदांनी ती विशेष वापरली आणि कर्नाटक संगीतातील बहात्तर मेळांचे क्रमांक त्यांच्या नावांत तिनेच दडविलेले आहेत. ‘धीरशंकराभरण’ ह्यातील ‘धी’ नऊ आणि ‘र’ दोन, उलट वाचले की एकोणतीस. पद्धत सोपी आहे. क पासून, ट पासून आणि य पासून एक, दोन, तीन असे मोजावे. प पासून म पर्यंत एक ते पाच. ञ आणि न म्हणजे शून्य. काने-मात्रांना किंमत नाही, आणि मिळालेले अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे.

आता पाहा. कुलूप नसलेल्या जुन्या संकेतस्थळांचा दरवाजा ८० आणि कुलूपबंद स्थळांचा ४४३. मनाशी विचारावे, ‘दाराला कुलूप आहे का?’ उत्तर, ‘नाही.’ न म्हणजे शून्य, ह म्हणजे आठ. उलट वाचले की ८०. मग म्हणावे, ‘लावावे.’ ल म्हणजे तीन, व म्हणजे चार, पुन्हा व म्हणजे चार. उलट वाचले की ४४३. हे शब्द मी ओढूनताणून आणलेले नाहीत. अंकांतून ते आपोआप निघाले, तेव्हा मलाही आश्चर्य वाटले. नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा दरवाजा ५३. त्यासाठी ‘बाण’ घ्यावा, ब तीन आणि ण पाच, आणि दिशा दाखविणे हेच बाणाचे काम. घरात आकडी पत्ता टाकून स्थळ लागते पण नावाने लागत नाही, तेव्हा हाच बाण मोडलेला असतो. दूरच्या यंत्रावर गुप्तपणे काम करण्याचा दरवाजा २२. त्या यंत्राशी प्रथम जोडताना ‘हे तेच यंत्र आहे ह्याची खात्री आहे ना?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. शब्द ‘खरे’ : ख दोन, र दोन, आणि हा आकडा तर उलटा वाचा की सुलटा, सारखाच.